सह्याद्रीचा उतार समजला की नद्यांची यादी घोकावी लागत नाही

तलाठी भरती असो, पोलीस भरती असो की राज्यसेवेची पूर्व, महाराष्ट्राच्या भूगोलावर प्रश्न येणार हे ठरलेलं. त्याची तयारीही बहुतेक अभ्यासिकांमध्ये एकाच पद्धतीनं होते. कुणीतरी ग्रुपवर 'वन-लायनर'ची पीडीएफ टाकतं. त्यात नदी, उगम, लांबी, उपनद्या, धरण, जलाशयाचं नाव असे रकाने असतात आणि पोरं ते रकाने घोकत बसतात. महिनाभरानं रिव्हिजनला बसावं तर वेण्णा आणि वैनगंगा, प्रवरा आणि प्राणहिता यांची सरमिसळ झालेली. पेपरात चारही पर्याय ओळखीचे वाटतात आणि निगेटिव्ह मार्किंग आपलं काम करून जातं.

यातल्या बऱ्याच ओळी पाठ करायची गरजच नाही. जमीन कुठे उंच आहे आणि कुठल्या बाजूला उतरते, एवढं नकाशावर पक्कं बसलं की उगम, संगम, धरणं, पाऊस, माती, अगदी खनिजंसुद्धा त्या उतारावरून सांगता येतात. आकडे तेवढे वेगळे पाठ करावे लागतात. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

उतार आला कुठून?

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. तो थंड होऊन जो काळा खडक झाला तो बेसॉल्ट. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग याच खडकाचा आहे. रायगडाचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी, गावातली काळ्या दगडाची देवळं, सगळं त्यातलंच. त्याच सुमारास या भूभागाची पश्चिमेकडची बाजू तुटून वेगळी झाली (आजची सेशेल्स बेटं त्या तुटलेल्या भागात मोडतात) आणि उरलेली कड वर उचलली गेली. एका बाजूखाली वीट सरकवलेल्या पाटासारखं पठार पूर्वेकडे कललं. वर उचललेली ती कड म्हणजे सह्याद्री.

म्हणजे सह्याद्री ही हिमालयासारखी वळ्या पडून वर आलेली रांग नाही, ती पठाराची तुटलेली कड आहे. पश्चिमेकडून, म्हणजे कोकणातून पाहिलं की भिंत दिसते. पूर्वेकडून पाहिलं की नुसते डोंगर वाटतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, पैठण साडेचारशेच्या, नांदेड साडेतीनशेच्या. गोदावरी याच उतारानं जाते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर तिचा उगम होतो, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण ती १,४६५ किलोमीटरची वाट धरून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णेचंही तेच. महाबळेश्वरहून समुद्र ६४ किलोमीटरवर असताना ती १,४०० किलोमीटर चालते.

त्र्यंबकच्याच डोंगररांगेतून वैतरणाही निघते. ती मात्र कडेच्या पश्चिमेला उतरते आणि दातिवऱ्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. पाणलोटाची रेघ म्हणजे काय, हे इथे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं क्वचितच कुठे दिसत असेल. शेजारशेजारच्या दोन उतारांवर पडलेला एकच पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो.

तीन डोंगर, चार खोरी

आता एक कोरा कागद घ्या. डावीकडे वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारा, तो सह्याद्री. या रेघेतून उजवीकडे तीन फाटे काढा. वरचा सातमाळा-अजिंठा, मधला हरिश्चंद्र-बालाघाट, खालचा शंभू महादेव. एवढ्या चार रेघांवर महाराष्ट्राच्या भूगोलातले किती प्रश्न उभे आहेत, हे मागच्या प्रश्नपत्रिका चाळल्या की कळतं.

सातमाळा-अजिंठ्याच्या वर तापी. सातमाळा आणि बालाघाट यांच्यामध्ये गोदावरी. बालाघाट आणि शंभू महादेव यांच्यामध्ये भीमा. शंभू महादेवाच्या खाली कृष्णा. 'गोदावरी आणि भीमा यांची खोरी कोणत्या डोंगररांगेमुळे वेगळी झाली?' हा प्रश्न वर्षानुवर्षं शब्द फिरवून येतो. कागदावर रेघा असतील तर उत्तर शोधावं लागत नाही, ते समोर दिसतं.

उपनद्याही अशाच बसतात. प्रवरा, सिंदफणा, दुधना या दोन रांगांच्या मधल्या, म्हणून गोदावरीच्या. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, सीना या त्याखालच्या पट्ट्यातल्या, म्हणून भीमेच्या. मुळा आणि मुठा पुण्यात एकत्र येतात, इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळते, नीरा नरसिंहपूरला. पुढे पंढरपूरला हीच भीमा चंद्रकोरीसारखं वळण घेते, म्हणून चंद्रभागा. एक सापळा मात्र ध्यानात ठेवायचा. भीमा ही कृष्णेची उपनदी खरी, पण त्यांचा संगम महाराष्ट्रात होत नाही. तो कर्नाटकात, रायचूरजवळ. 'भीमा आणि कृष्णा यांचा संगम सोलापूर जिल्ह्यात होतो' असं विधान दिसलं की डोळे झाकून चूक.

गोदावरीचं खोरं राज्याचा निम्म्याच्या आसपास भाग व्यापतं. तिला दक्षिण गंगा म्हणतात ते नुसतं श्रद्धेपोटी नाही. विदर्भाची वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पैनगंगा आधीच वर्धेत गेलेली असते. म्हणजे क्रम असा: पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीला. या साखळीतली एक कडी काढून घेऊन प्रश्न तयार करतात.

महाबळेश्वरचा प्रश्न

महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम मानतात: कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. यातली अरबी समुद्राला मिळणारी कोणती? सावित्री. ती कडेवरून पश्चिमेला उतरते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा पठारावरच्या.

कृष्णेचे संगम वरून खाली उतरत मोजा: साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना (तोच प्रीतिसंगम), सांगलीजवळ हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. 'उत्तरेकडून दक्षिणेकडे योग्य क्रम लावा' असा प्रश्न आला की हा क्रम हाताशी असावा.

यांत कोयना जरा विचित्र. बाकीच्या नद्या उगमापासून पूर्वेकडे वळतात, ही मात्र सह्याद्रीच्या अगदी कडेला समांतर सुमारे ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. धरण नेमकं तिथे का बांधलं, याचं उत्तर या वळणात आहे. नदी कडेच्या इतकी जवळ असल्यानं डोंगराखालून बोगदा काढला की पाणी थेट कोकणात सोडता येतं आणि चारशे मीटरहून जास्त उंचीचा फुकटचा उतार मिळतो. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रं फिरवून ते पाणी वाशिष्ठी नदीत जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी माणसानं अरबी समुद्राकडे वळवलं. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटच्या घरात आहे. काही पुस्तकांत १,९२० दिसेल. जलाशय शिवसागर, साठा सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. याच परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर त्याचा अभ्यास होतो.

घाटमाथ्यावर पाणी अडवून कोकणात वीज काढायची ही कल्पना कोयनेच्याही आधीची. टाटांचं खोपोलीचं वीजगृह १९१५ चं. पुढे मुळशीला धरण झालं, त्याचं पाणी भिऱ्याला उतरतं. त्याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' बापट झाले. इतिहासाच्या पेपरातला हा प्रश्न मुळात भूगोलाचा आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

धरणांचे आकारही उताराप्रमाणे बदलतात. कोयनेचं धरण सुमारे १०३ मीटर उंच आणि लांबीला एक किलोमीटरही नाही, कारण दरी अरुंद आणि खोल. गोदावरीवरचं जायकवाडी पैठणजवळ सपाटीवर, म्हणून उंची चाळीस मीटरच्या आसपास पण लांबी जवळजवळ दहा किलोमीटर. साठा दोघांचा साधारण सारखाच, पण जायकवाडीचा नाथसागर पसरट आणि उथळ. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं तिथलं पाणी एवढं का उडतं, ते यावरून समजेल. भीमेवरच्या उजनीचंही तेच, तिचा यशवंतसागर पसरटच.

पाऊस, माती आणि जांभा

नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, भिंतीला आपटून वर चढतात, थंड होतात आणि पाणी टाकतात. म्हणून आंबोली आणि महाबळेश्वर. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात पाचशेच्या आसपास. कड ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, तापलेली हवा बाष्प धरून ठेवते, ढग असूनही पाऊस पडत नाही. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश. 'सातारा जिल्ह्यात पाऊस जास्त की कमी' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

धो धो पाऊस पडतो तिथे खडकातले विरघळणारे घटक धुऊन जातात आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहतं. तो तांबडा जांभा खडक. रत्नागिरीची घरं, गडगे, हापूसच्या बागा, सगळं जांभ्यावर. याच प्रक्रियेतून बॉक्साइट तयार होतं, म्हणून ते कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर आणि रत्नागिरीत सापडतं. कास पठारही जांभ्याचंच. माती जेमतेम बोटभर, म्हणून झाडं नाहीत आणि फुलं मात्र भरपूर. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा महाराष्ट्रातली चार ठिकाणं त्यात होती: कास, कोयना, चांदोली, राधानगरी.

पठारावर पाऊस कमी, तिथे बेसॉल्ट झिजून काळी कसदार रेगूर माती झाली. ओल धरून ठेवते, म्हणून कापूस. एवढं पुरे.

जिथे हा नियम चालत नाही

तापी आणि नर्मदा पश्चिमेला वाहतात. पठाराच्या उतारानं पाहिलं तर हे उलटं झालं. कारण या दोघी उतारावरून वाहतच नाहीत, खचदऱ्यांतून वाहतात. जमीन दोन भेगांच्या मध्ये खचली आणि जी लांबट पन्हळ तयार झाली तिनं नद्यांना दिशा दिली. नर्मदा विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये, तापी सातपुड्याच्या दक्षिणेला. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा अवघी ५४ किलोमीटर येते, तीही नंदुरबारच्या सीमेवरून.

इथला खरा गमतीचा भाग मुलताईचा. मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात तापी उगम पावते आणि त्याच डोंगराळ भागात वर्धाही. तापी ७२४ किलोमीटर पश्चिमेला जाऊन सुरतजवळ समुद्राला मिळते; वर्धा दक्षिणेला येऊन गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात. त्यामुळे अमरावती जिल्ह्याचा पश्चिम भाग पूर्णा-तापीच्या खोऱ्यात आणि पूर्व भाग वर्धेच्या. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या अकोल्याचं पाणी अरबी समुद्राला जातं आणि समुद्राच्या जवळ असलेल्या नाशिकचं बंगालच्या उपसागराला. विधानांच्या प्रश्नात हे उलटसुलट करून विचारलं तर नव्वद टक्के मुलं नकाशा न पाहता अंदाजानं उत्तर देतात.

दुसरा अपवाद खडकाचा. बेसॉल्टची चादर पूर्व विदर्भात संपते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि नागपूरच्या काही भागात त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडले आहेत. बेसॉल्टमध्ये धातूंची खनिजं जवळपास नाहीत, म्हणून उरलेल्या महाराष्ट्राच्या खनिज नकाशावर फारसं काही नसतं आणि सगळी गर्दी उजव्या कोपऱ्यात दिसते. चंद्रपूर-बल्लारपूर, वणी, उमरेड, कामठी इथला कोळसा गोंडवाना खडकातला, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा. भंडारा-नागपूरचं मँगनीज, गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज, ही त्याहूनही जुन्या खडकांची देणगी. दुसरं टोक दक्षिण कोकणात. तिथेही बेसॉल्ट संपतो आणि वेंगुर्ल्याजवळ रेडीला लोहखनिज मिळतं. जिल्हावार खनिजांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा बेसॉल्टची सीमा नकाशावर एकदा बोटानं फिरवून घ्या.

आकडे आणि जुळी नावं

काही गोष्टींना तर्क लागू पडत नाही, त्या घोकाव्याच लागतात. जिल्हे ३६, त्यातला सर्वांत नवा पालघर, १ ऑगस्ट २०१४. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७ मीटर, महाबळेश्वर १,४३८ मीटर. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर.

काही आकडे पुस्तकागणिक बदलतात, त्यांचा वैताग वेगळाच. गोदावरी कुठे १,४६५ तर कुठे १,४५०. किनारपट्टीचं तर विचारूच नका. आपण शाळेपासून ७२० किलोमीटर शिकलो. केंद्राच्या जुन्या तक्त्यात महाराष्ट्राला ६५२.६ किलोमीटर दिलेले आणि देशाला ७,५१६.६. अलीकडे केंद्रानं मोजणी नव्यानं केली तेव्हा देशाचा किनारा ११,०९८ किलोमीटरवर गेला आणि महाराष्ट्राचा सुमारे ८७८ वर. समुद्र काही पुढेमागे सरकलेला नाही. पूर्वीची मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावर झाली, त्यात खाड्या आणि वळणं सपाट झाली. मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेतला की प्रत्येक खाडीत आत जाऊन बाहेर यावं लागतं आणि लांबी वाढते. परीक्षेत कोणता आकडा धरायचा? पर्याय पाहा. ७२० आणि ८७८ दोन्ही एकाच प्रश्नात सहसा देत नाहीत. दिलेच तर प्रश्नात 'नव्या मोजणीनुसार' असं काही आहे का ते वाचा. आणि पहिली उत्तरतालिका आली की आक्षेप नोंदवायला शालेय पाठ्यपुस्तकाचं पान हाताशी ठेवा, खासगी प्रकाशनाचं गाईड तिथे फार उपयोगी पडत नाही.

जुळी नावं ही दुसरी डोकेदुखी. पूर्णा दोन: एक विदर्भातून येऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळणारी, दुसरी मराठवाड्यातली, गोदावरीची, येलदरी धरण या दुसरीवर. मुळाही दोन: पुण्याची मुठेला मिळते, अहिल्यानगरची प्रवरेला. मुळा धरण अहिल्यानगरच्या मुळेवर आहे आणि मुळशी पुण्याच्या. 'मुळा' एवढंच वाचून उत्तर ठोकणारे इथे हमखास सापडतात.

आता एक प्रश्न स्वतः सोडवून पाहा. विधान १: आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. विधान २: आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी नदी अरबी समुद्राला मिळते. कोकणातला जिल्हा म्हटल्यावर दुसरं विधान बरोबर वाटतं. पण आंबोली घाटमाथ्यावर आहे, आणि जिल्ह्याची हद्द महसूल खात्यानं आखलेली असते. हिरण्यकेशी आजऱ्याकडे, म्हणजे पूर्वेला उतरते, घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. फक्त विधान १ बरोबर.